कार्ड टेकवलं, बोली संपली?

बायर्नकर
अकरा वर्षं म्युनिकजवळच्या एका गावात राहतोय. आलो तेव्हा कोपऱ्यावरच्या बेकरीत फक्त रोख चालायची. मागे रांग, माझ्या तळहातावर नाण्यांचा ढीग, आणि काउंटरवरच्या आजी एकेक नाणं उचलत म्हणायच्या, 'अजून एक त्सेनर्ल'. त्सेनर्ल म्हणजे दहा सेंटचं नाणं. माझं निम्मं बायरिश, म्हणजे इथल्या बायर्न प्रांताची बोली, त्या तळहातावर झालं. मग २०२० साली कोरोना आला, पिन न टाकता पैसे द्यायची मर्यादा २५ वरून ५० युरोंवर गेली, आणि आमच्या बेकरीतही यंत्र बसलं. आता 'मिट कार्टं, बिट्टं', म्हणजे 'कार्डाने, प्लीज', म्हणायचं (कार्टं म्हणताना अजून हसू येतं) आणि बीप. त्सेनर्ल शेवटचा कधी ऐकला, आठवत नाही. कार्ड नुसतं टेकवायच्या या सोयीत बोलीचे शब्द गळून पडतायत, असं माझं मत आहे.

हांबुर्गची सून
अहो, पाव मागायला तोंड उघडावंच लागतं ना? तुमच्याकडे झेमेल, श्टुटगार्टला वेक्लं, बर्लिनला श्रिप्पं, आमच्याकडे ब्रोट्शन. यातला कुठला शब्द कार्डाने मारला? हांबुर्गचा जुना शब्द रुंडश्ट्युक. तो मी जेमतेम सासूबाईंच्या तोंडून ऐकलाय, आणि तो मागे पडला तेव्हा सगळे रोखच देत होते. खरा गुन्हेगार सुपरमार्केटमधलं ते काचेचं कपाट. चिमट्याने पाव उचला, पिशवीत टाका, पाटीवर छापील नाव. एक अक्षर बोलायची गरज नाही.

आणि रोख संपली कुठे? बुंडेसबांकच्या, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या, २०२३ च्या पाहणीत ५१ टक्के व्यवहार रोखीचेच निघाले.

बायर्नकर
त्याच पाहणीत २०१७ साली ७४ टक्के होते, तेही सांगा की.

झुरिकमुक्कामी
आमच्याकडे तर पैसे देण्यानेच नवा शब्द दिलाय. ट्विंट नावाचं स्विस ॲप आहे, त्याचं लोकांनी क्रियापद केलं. चौघं जेवायला गेलो की एकजण बिल भरतो, बाकीचे त्याला 'ट्विंटतात'. सीमा ओलांडून जर्मनीतल्या कोन्स्टान्झला गेलात की क्रियापद निकामी. याहून प्रादेशिक शब्द कुठला हवा?

जुनंही गेलेलं नाही. इथे एक म्हण आहे, 'फ्योइफर उंड स वेग्ली'. पाच रापेनचं (रापेन म्हणजे स्विस पैसा) नाणंही खिशात राहायला हवं आणि त्या नाण्याचा पाव, म्हणजे वेग्लीही पोटात जायला हवा, अशा माणसाबद्दल म्हणतात. पाच रापेनला वेग्ली मिळायचा काळ केव्हाच गेला, पण ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्हण हमखास येते.

व्हिएन्नावासी
ऑस्ट्रियात एटीएमला बांकोमाट म्हणतात, कार्डाला बांकोमाटकार्टं, आणि दुकानात लोक सरळ 'मिट बांकोमाट' म्हणतात. जर्मनीतल्यांना हसू येतं, त्यांना वाटतं माणूस अख्खं यंत्र उचलून घेऊन आलाय. पण त्यांनी हसू नये. ते अजून 'ईसी-कार्टं' म्हणतात. ईसी म्हणजे युरोचेक, ही हमीच्या चेकची पद्धत २००१ अखेर बंद झाली, कार्डाचं अधिकृत नाव २००७ पासून गिरोकार्ड आहे, तरी लोकांची जीभ वळत नाही.

जाता जाता, १९९५ साली युरोपीय संघात येताना ऑस्ट्रियाने २३ शब्द करारात घालून घेतले. टोमॅटोला पाराडायझर, जर्दाळूला मारिलं, असे. सगळे खाण्याचे. नाण्यांचा एकही नाही.

बायर्नकर
वाचून मजा आली, पण बघा, ट्विंट, बांकोमाट, ईसी हे सगळे बँकांचे आणि कंपन्यांचे शब्द आहेत. त्सेनर्ल कुणा कंपनीने काढला नव्हता. दहाला लाडाने 'अर्ल' लावून गावाने केलेला शब्द आहे तो. आपण लेकराला बाळ्या म्हणतो तसा.

झुरिकमुक्कामी
नाव कंपनीचं, पण क्रियापद लोकांचं. आई फोनवर 'त्याला जीपे कर' म्हणते, ते तिला गूगलने शिकवलं का? आणि आणा व्यवहारातून १९५७ मध्ये गेला, तरी आपण 'सोळा आणे खरं' म्हणतोच.

बायर्नकर
म्हणतो. पण माझ्या मुलीला विचारा चार आणे म्हणजे किती. म्हण उरते, हिशोब जातो.

हांबुर्गची सून
जाऊ दे हो हिशोब. उलट २०२० पासून जर्मनीत प्रत्येक विक्रीची पावती काढणं सक्तीचं झालं, त्यामुळे बेकरीतल्या बायका एक वाक्य जास्तच बोलतात. 'बोन हवाय का?'

बायर्नकर
आज सकाळी मुद्दाम नाणी घेऊन गेलो. त्या आजी निवृत्त झाल्यात, आता एक तरुण मुलगी असते, क्रोएशियाहून आलेली. मी दहा सेंट शोधत खिसे चाचपत होतो. ती हात हलवून म्हणाली, 'पास्ट शोन', म्हणजे चालतंय, राहू दे.

हांबुर्गची सून
'पास्ट शोन'? अहो, ही तर पक्की बायरिश झाली की!