दर महिन्याला मिनिमम भरतोय तरी क्रेडिट कार्डाचा आकडा हलतच नाहीये

सेकंडशिफ्ट_अंबड
नमस्कार मंडळी. नाशिकला सिडकोत राहतो, अंबडला कंपनीत आहे, हातात ४१ हजार येतात, बायको शिकवण्या घेते तिचे ७-८ हजार. घराचा हप्ता १४, मुलीची शाळा नि रिक्षा मिळून ५, बाकी किराणा, दूध, गॅस, लाईटबिल, म्हणजे बघायला गेलं तर भागायला पाहिजे. पण दिवाळीत फ्रीज घेतला, लगेच आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, दोन्ही खर्च कार्डावर टाकले आणि तेव्हापासून जे चिकटलंय ते सुटेना. ८ महिने मी मिनिमम, म्हणजे बिलावर लिहिलेली कमीत कमी रक्कम भरतोय, चार हजाराच्या आसपास, एकदाही चुकवलं नाही. कार्ड वापरणं चालूच आहे, पेट्रोल, किराणा वगैरे. आकडा काही ८० हजाराच्या खाली येत नाही. बँकेची काही गडबड आहे का? सोनं ठेवून एकदाचं भरून टाकू का? घरी अजून सांगितलं नाहीये, तिला वाटतं फ्रीजचे पैसे कधीच फिटले.

देवळालीगावकर
गडबड नाही भाऊ, गणित आहे. स्टेटमेंटचं शेवटचं पान काढा जे कोणी वाचत नाही, तिथे व्याजाचा दर असेल, बहुतेक कार्डांना महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. महिन्याला हं, वर्षाला नाही, वर्षाचे ४२ झाले. आता ८० हजारावर साडेतीन टक्के म्हणजे २,८०० आणि त्या व्याजावर परत १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५०४. झाले ३,३०४. तुम्ही भरले ४,०००. मुद्दलातून गेले किती, ६९६! आणि त्याच महिन्यात तुम्ही २ हजाराचं पेट्रोल टाकलं की आकडा खाली यायच्या ऐवजी वरच गेला.
दुसरी गोष्ट तर कार्ड विकणारा पोरगा सांगतच नाही. ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे जे आहे ना, ते मागचं पूर्ण बिल भरलं असेल तरच. बाकी ठेवलीत की नवीन खरेदीवर पण घेतल्या दिवसापासून मीटर चालू. म्हणजे तुमचा किराणासुद्धा ४२ टक्क्याने चाललाय. आधी वापर बंद करा, आजच.

गोदाकाठची_ताई
वरच्या दादांनी बरोबर सांगितलं, पण मला एक विचारायचंय, रुपे कार्ड यूपीआयला जोडलंय का तुम्ही? आमच्याकडे हेच झालं होतं. चहावाल्याकडे स्कॅन, रिक्षाला स्कॅन, आणि पैसे जातायत कार्डातून, बँकेत बॅलन्स जसाच्या तसा दिसतो म्हणून जीव निवांत. मी सरळ ॲपमधून ते कार्ड काढून टाकलं. आता ७ तारखेला पगार झाला की दूध, भाजी, पेट्रोल अशी तीन पाकिटं रोख. बुधवारच्या बाजारात पाचशेची नोट मोडताना हात कसा आखडतो बघा एकदा, मेथीची जुडी महाग वाटायला लागते 😄
आणि हो, बायकोला सांगा. आमच्या ह्यांनी सहा महिने लपवलं होतं, मला रागपण पैशाचा नव्हता आला, लपवल्याचा आला.

पाथर्डीफाटा_७७
कार्डाला उगाच शिव्या घालू नका लोकहो, मी ९ वर्षं वापरतोय, एक रुपया व्याज दिलं नाही. ऑटो डेबिट लावा पण "टोटल ड्यू" म्हणजे पूर्ण बिलावर, खूप जण "मिनिमम" वर टिक करून बसतात आणि समजतात सगळं भरलं. आणि पगार ७ ला नि ड्यू डेट ३ ला असेल तर कस्टमर केअरला सांगून बिलिंग सायकल, म्हणजे बिल निघायची तारीख बदलून घ्या, निदान एकदा तरी बदलून द्यावी लागते, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे.

देवळालीगावकर
@पाथर्डीफाटा हे ज्याच्यावर बाकी नाही त्याच्यासाठी ठीक आहे हो, यांना आधी खड्ड्यातून वर तर येऊ द्या. कार्डाच्या एटीएमने कॅश काढून बाकी फेडायच्या भानगडीत मात्र पडू नका, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी वेगळी.
सोन्याचं म्हणाल तर पर्याय वाईट नाही, व्याज कार्डापेक्षा बरंच कमी, पण बरेच जण वर्षभर नुसतं व्याज भरत बसतात आणि दागिना तिकडेच राहतो. त्यापेक्षा बँकेला विचारा की बाकीचं ईएमआय करून देता का, किंवा पर्सनल लोन. समजा १४ टक्क्याने मिळालं, दीड वर्षाचं, तर हप्ता ४,९५० च्या आसपास बसतो. म्हणजे आत्ता भरताय त्याच्यापेक्षा हजारभर जास्त, पण १८ महिन्यांनी संपतं तरी. प्रोसेसिंग फी किती ते आधी विचारा.

गोदाकाठची_ताई
अजून एक, थोडेफार भरा बाकी माफ असा सेटलमेंटचा फोन आला तर लगेच हो म्हणू नका. सिबिलला, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या रेकॉर्डला "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि नंतर घराच्या कर्जावर टॉपअप मागायला गेलात की तो समोर येतो. माझ्या चुलतभावाने भोगलंय.

सेकंडशिफ्ट_अंबड
सगळ्यांचे आभार. ताई, यूपीआयला जोडलेलंच होतं 🙏 काल काढलं. आणि रात्री शिफ्टवरून आल्यावर घरी सांगून टाकलं. ती आधी काहीच बोलली नाही, मग उठून डब्यातून भिशीचं कार्ड आणलं, दोन हजाराची भिशी, पुढच्या महिन्यात तिचा नंबर आहे, २४ हजार येणारेत, मला पत्ताच नव्हता. ते थेट कार्डात टाकायचे आणि उरलेल्याचं लोन करायचं ठरलंय, सोमवारी सुट्टी टाकून बँकेत जातोय. मग चष्मा लावून तिने अख्खं स्टेटमेंट वाचलं, एकेक ओळ. फ्रीजवर काही नाही, ऑपरेशनवर काही नाही. एका रविवारच्या नोंदीवर बोट ठेवून विचारते, "चारशे वीसची मिसळ? कोणाबरोबर?"

पाथर्डीफाटा_७७
भाऊ यावर बँक काही मदत करू शकत नाही 😂