माजी सैनिकांच्या मुलाखतींवर एम.ए.चा प्रबंध: सुरुवात कुठून?

औंध_एमए: विषय ठरलाय, पेन्शनीत आल्यावर जवानांचं गावाकडचं आयुष्य. पंधरा मुलाखती घ्यायच्या आहेत, हाताशी चार महिने. माणसं कुठे भेटतील? परवानगी कुणाची लागते? लढाईबद्दल विचारावं का?

घाटमाथा: पुण्यातच बसून पंधरा जण गाठलेत तर प्रबंध अधिकाऱ्यांचा होईल. निवृत्त कर्नल, ब्रिगेडियर इथे सहज भेटतात, म्हणून बरेच विद्यार्थी तिथेच अडकतात. साताऱ्याकडे जा. अपशिंगे मिलिटरी या एका गावचे 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले, आजही तिथे घरोघरी फौजी आहेत. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भेटा. यादी मागू नका, ती खासगी माहिती आहे. तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेशी गाठ घालून द्या म्हणा. पण सगळी नावं एकाच पदाधिकाऱ्याकडून घेऊ नका, सगळे त्याच्याच गोतावळ्यातले निघतात.

कागदपत्र: सेवेत असलेल्यांना वगळा. आर्मी रूल्स 1954 च्या नियम 21 नुसार त्यांना लष्करी विषयावर बोलायला पूर्वपरवानगी लागते. निवृत्तांना तो लागू नाही, पण 1923 चा सरकारी गुपितांचा कायदा सगळ्यांनाच आहे. तैनातीची ठिकाणं, शस्त्रसामग्री विचारूच नका. नीतिमत्ता समितीची मान्यता पहिल्या मुलाखतीआधी हवी. नाव बदललं तरी पलटण, हुद्दा आणि गाव एकत्र छापलं की गावात कुणीही ओळखतं. तिन्हींपैकी एकच ठेवा.

पहिल्याच भेटीत डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीला मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, पाहायला मागा. भरतीची तारीख, पदकं, मेडिकल कॅटेगरी (तब्येतीची श्रेणी) त्यात सापडते. सांगितलेलं साल जुळलं नाही तर तिथेच दुरुस्त करू नका, दोन्ही टिपून ठेवा. पानं उलटता उलटता माणूस बोलायला लागतो, म्हणून संमतीपत्रावर सही आधी घ्या आणि रेकॉर्डर चालू ठेवा. त्या पानांचे फोटो मात्र काढू नका. सर्व्हिस नंबर, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर बाहेर गेले तर पेन्शनीत फसवणूक होऊ शकते.

स्वरांकन: लढाईपासून सुरुवात केलीत तर 26 जानेवारीला शाळेत करतात तेच भाषण ऐकायला मिळेल. त्यापेक्षा विचारा: घरी आल्यावर पहिला महिना सकाळी उठून काय करायचात? जवान बहुधा पस्तीस-चाळिशीतच परततो. शेत भावाने कसलेलं असतं, पोरं अनोळखी झालेली असतात, आणि समोर बँकेच्या दारातली सिक्युरिटीची नोकरी. खरा विषय तिथे आहे. लढाई दुसऱ्या भेटीत त्यांनीच काढली तर ऐका. गप्प झाले तर रेकॉर्डर बंद करा, खोदून विचारू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर संमतीपत्राच्या घरी ठेवायच्या प्रतीवर छापलेला असू द्या.

एक तास रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास जातात. पंधरा जणांच्या दोन-दोन भेटी चार महिन्यांत बसणार नाहीत, दहाच घ्या. आणि घरच्या बाईंशी वेगळं बोला. नवरा समोर असला की त्या “हेच सांगतील” म्हणून आत जातात, आणि इतकी वर्षं घर तर त्यांनीच चालवलेलं असतं.

औंध_एमए: त्यांचं संमतीपत्र वेगळं लागेल?

स्वरांकन: हो, स्वतंत्र. आणि सही त्यांचीच, नवऱ्याची चालणार नाही.