ओएमआर तपासणी: निम्म्या उत्तरपत्रिकांचे गुण भलतेच येताहेत, मदत हवी आहे

खडूफळा
शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षेच्या सव्वातीनशे ओएमआर (गोळे भरायच्या) उत्तरपत्रिका स्कॅन करून सॉफ्टवेअरला दिल्या. पहिल्या रकान्यातले सुरुवातीचे आठ-नऊ प्रश्न बरोबर वाचतंय, मग रिकामे दाखवतंय आणि शेवटच्या पाच-सहा प्रश्नांना चक्क खालच्या प्रश्नाचं उत्तर चिकटवतंय. दुसऱ्या रकान्यात आणखी लवकर बिघडतं, तिसरा तर जवळपास कोरा. मुलांनी गोळे व्यवस्थित भरलेत. थ्रेशोल्ड (किती काळं म्हणजे भरलेला गोळा, ती मर्यादा) वर-खाली करून पाहिला, काडीचा फरक नाही. शनिवारी निकाल लावायचाय. 'हाताने तपासा' सोडून काहीही सांगा.

अर्धविराम
सॉफ्टवेअर कुठलं? स्कॅनर कुठला, डीपीआय (इंचाला ठिपके) किती, ग्रे की ब्लॅक अँड व्हाइट? उत्तरपत्रिकेच्या चार कोपऱ्यांत काळे चौकोन आहेत का? सगळ्याच चुकताहेत की काहीच? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

चटपट
हे सगळं करायचंच कशाला? मोबाइल अ‍ॅप घ्या. त्यांची तयार उत्तरपत्रिका छापायची, कॅमेरा धरायचा, गुण हातात. एका कागदाला दोन-तीन सेकंद.

खडूफळा
@चटपट, उत्तरपत्रिका भरून झाल्या आहेत. आता तुमच्या अ‍ॅपची कुठून छापू?
@अर्धविराम, ओएमआरचेकर, पायथनवालं. शाळेच्या झेरॉक्स मशिनच्या फीडरमधून स्कॅन, २०० डीपीआय, ग्रे. चौकोन नाहीत, उत्तरपत्रिका वर्डमध्ये बनवली आहे. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे कुठला गोळा कागदावर कुठे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, क्रॉपपेज लावलंय. सगळ्या नाही चुकत, साधारण निम्म्या.

बाराखडी
डीपीआय ६०० करा. २०० वर गोळे नीट उमटत नाहीत.

अर्धविराम
@बाराखडी, साडेचार मिलिमीटरचा गोळा २०० डीपीआयवर ३५ पिक्सेल रुंद येतो. भरलाय की नाही हे कळायला तेवढं भरपूर झालं. ६०० केलं तर फाइल नऊपट होईल आणि चूक जिथल्या तिथे राहील. जे निम्मे कागद बरोबर वाचले तेही २०० वरच स्कॅन झालेत ना?
@खडूफळा, पहिलं म्हणजे क्रॉपपेज काढा. ते कागदाच्या कडा शोधतं, म्हणजे गडद टेबलावर कागद ठेवून मोबाइलने फोटो काढला असेल तर उपयोगी. फीडरमधून आलेल्या चित्राला कडाच नसतात, कागद चौकटभर असतो. मग ते एक तर फाइल नाकारतं, नाही तर उत्तरांभोवतीची चौकट म्हणजेच कागद असं समजून कापतं.
दुसरं, त्या निम्म्या उत्तरपत्रिका वेगळ्या छापल्या होत्या का?

खडूफळा
क्रॉपपेज काढलं, चूक तीच. छापल्या म्हणजे, शंभर-दीडशे शाळेच्या लेझर प्रिंटरवर, मग टोनर संपला. बाकीच्या बाहेरून झेरॉक्स. त्याने काय होतं? मजकूर तोच आहे.

अर्धविराम
त्यानेच होतं. पट्टी घ्या. दोन्ही प्रकारची एकेक उत्तरपत्रिका समोर ठेवा आणि पहिल्या गोळ्याच्या मध्यापासून त्याच रकान्यातल्या पंचविसाव्या गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजून दोन्ही आकडे इथे लिहा.

खडूफळा
लेझर १८० मिमी. झेरॉक्स १७६ आणि थोडं वर.

अर्धविराम
म्हणजे झेरॉक्स ९८ टक्क्यांवर निघाली आहे. कडेचा मजकूर कापला जाऊ नये म्हणून मशिनवर असं ठेवतात, आणि वाचणाऱ्या माणसाला ते कळतही नाही. आता हिशोब बघा. २४ अंतरांत १८० मिमी, म्हणजे दोन ओळींत साडेसात. पहिली ओळ कागदाच्या वरच्या कडेपासून साधारण ८५ मिमीवर असेल, तर दोन टक्क्यांनी ती १.७ मिमी वर सरकली. साडेचारच्या गोळ्यात एवढं खपून जातं. नवव्या ओळीशी हीच सरक २.९ होते, गोळा निसटायला लागतो आणि सॉफ्टवेअर दोन ओळींमधला कोरा कागद वाचतं. विसाव्या ओळीपाशी सरक साडेचारच्या वर जाते आणि सॉफ्टवेअर जिथे बघतं त्या चौकटीत खालच्या ओळीचा गोळा शिरतो. तुमचे २५ आणि ५० क्रमांकाचे प्रश्न कायम रिकामे येत असणार, कारण त्यांच्याखाली ओळच नाही.
तिसरा रकाना कोरा का, तर आडव्या दिशेनेही तोच दोन टक्क्यांचा फटका. उजवीकडे जाल तसा वाढत जातो. फीडरचे रोलर घसरले असते तर फक्त लांबीत फरक पडला असता, रुंदीत नाही. थ्रेशोल्डला हात लावू नका, त्याचा इथे काही संबंध नाही.

जुनापर्यवेक्षक
सांगू नका म्हणालात तरी सांगतो. ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकवर) उत्तरतालिका छापा, बरोबर उत्तरांच्या जागी पंचने भोकं पाडा, कागदावर ठेवा आणि भोकांतून दिसणारे काळे गोळे मोजा. चार शिक्षक बसले तर सव्वातीनशे कागद दुपारपर्यंत उडतात. ना पायथन ना अजगर.

अर्धविराम
सर, भोकांतून फक्त बरोबर जागा दिसते. मुलाने दोन गोळे भरले असतील तर दुसरा झाकला जातो आणि फुकट गुण मिळतात. आधी सगळे कागद डबल मार्किंगसाठी वेगळे चाळावे लागतात, ते तुमच्या दुपारीत धरलंय का?

जुनापर्यवेक्षक
धरलंय. दोन गोळे दिसले की लाल पेनने आडवी रेघ, मग तालिका. आमच्या पिढीला हे सांगावं लागत नाही.

मसुरी
मुलांना पेन्सिल द्यावी, स्कॅनर पेन्सिल जास्त चांगली वाचतो.

शून्यशेष
@मसुरी, हा समज फार जुन्या यंत्रावरून आलाय. १९३८ साली आयबीएमने ८०५ नावाचं गुण मोजणारं यंत्र आणलं. ते खुणेकडे बघत नव्हतं, पेन्सिलीच्या ग्राफाइटमधून वाहणारी वीज मोजत होतं, म्हणून शाईची खूण त्याला चालतच नसे. कल्पना रेनॉल्ड जॉन्सन या मिशिगनमधल्या शिक्षकाची. आयबीएमने त्याला नोकरीत घेतलं आणि पुढे १९५६ च्या रॅमॅक या संगणकाच्या डिस्कचं कामही त्याच्याच हाताखाली झालं. प्रकाशाने वाचणारी यंत्रं १९५० च्या दशकात आयोवा विद्यापीठात लिंडक्विस्ट यांनी पुढे आणली. आजच्या स्कॅनरला काळं बॉलपेन पेन्सिलीपेक्षा सोपं जातं. पेन्सिलीचा फिका गोळा आणि अर्धवट खोडलेला गोळा यांची करडी छटा जवळपास सारखीच येते.

बाराखडी
निळं पेन असेल आणि मशिनमध्ये निळा ड्रॉपआउट (तो रंग स्कॅनमधून वगळणं) चालू असेल तर गोळे गायबच होतात. ते बघा आधी.

अर्धविराम
हे खरं आहे, पण मग पहिले आठ प्रश्नही गायब झाले असते.

खडूफळा
इतिहास नंतर वाचतो. आता करू काय ते सांगा, परत परीक्षा घेता येणार नाही.

अर्धविराम
दोन गठ्ठे करा. इनपुट्समध्ये दोन फोल्डर, प्रत्येकात स्वतंत्र टेम्प्लेट फाइल. लेझरच्या फोल्डरला आत्ताचीच. झेरॉक्सच्या टेम्प्लेटमध्ये प्रत्येक ब्लॉकचा ओरिजिन (सुरुवातीची जागा, दोन्ही आकडे), बबल्सगॅप (दोन गोळ्यांतलं अंतर) आणि लेबल्सगॅप (दोन ओळींतलं अंतर) ०.९८ ने गुणा. पेज डायमेन्शन्स तशीच, १६५४ बाय २३३९. लेबल्सगॅप ५९ असेल तर ५७.८ येईल. ५८ टाकलंत तरी २४ ओळींत पाचेक पिक्सेलच चुकतात, म्हणजे मिलिमीटरच्या आत. मग सेट लेआउट पर्यायाने चालवा. चौकटी गोळ्यांवर उमटलेल्या दिसतात. डावा वरचा आणि उजवा खालचा, हे दोनच कोपरे तपासा. हे दोन बसले की मधलं बसतंच.
झेरॉक्स काचेवर कागद थोडा तिरका ठेवून काढली असेल तर एवढ्याने भागणार नाही. मग कोऱ्या उत्तरपत्रिकेचं स्कॅन संदर्भ म्हणून द्या आणि फीचरबेस्डअलाइनमेंट वापरा.

दशांश
इयत्ता कुठली? पाचवी की आठवी?

खडूफळा
आठवी. त्याने काय फरक पडतो?

दशांश
आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही गोळे भरले तरच गुण. तुमच्या कॉन्फिगमध्ये मल्टिमार्क्ड (एका प्रश्नाला एकाहून जास्त गोळे भरलेले) कागद बाजूला काढायचा पर्याय चालू असेल तर सगळे हुशार विद्यार्थी मल्टिमार्क्ड फाइल्समध्ये जाऊन बसतील. तो बंद करा. इव्हॅल्युएशन (उत्तरतालिकेच्या) फाइलमध्ये अशा प्रश्नाचं उत्तर 'बीडी' असं एकच अक्षरजोड म्हणून लिहा. चौकटी कंसात 'बी' आणि 'डी' वेगवेगळे दिलेत तर 'दोहोंपैकी कुठलंही चालेल' असा अर्थ होतो आणि एकच गोळा भरणाऱ्यालाही दोन गुण मिळतात.

भरारी७५
नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, तेही सेट करायला विसरू नका.

दशांश
शिष्यवृत्तीला ऋण गुण नाहीत हो.

खडूफळा
दोन टेम्प्लेटांनी चाललं. 'बीडी'चंही जमलं. आता दोन भानगडी उरल्यात. दहा-बारा जणांचे आसन क्रमांक रिकामे येताहेत, आणि झेरॉक्सच्या एका गठ्ठ्यात पहिल्या रकान्यातल्या सगळ्या प्रश्नांना पर्याय तीन भरलेला दाखवतंय, मुलाने काहीही भरलं असो.

बाराखडी
याला माझं उत्तर घ्या. फीडरच्या बाजूला जी बोटभर अरुंद काच असते तिच्यावर व्हाइटनरचा किंवा गोंदाचा ठिपका आहे. कागद त्याच्यावरून सरकतो, म्हणून ठिपक्याची उभी रेघ होते आणि ती पंचवीसही ओळींत त्याच पर्यायातून जाते. मोठी काच पुसून उपयोग नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ फडक्याने ती पट्टी पुसा आणि तेवढाच गठ्ठा पुन्हा स्कॅन करा.

अर्धविराम
+१. आसन क्रमांकाचं म्हणाल तर मुलांनी वर आकडे लिहिलेत पण खाली गोळे भरले नाहीत, किंवा कागद फीडरमध्ये उलटा गेलाय. ते हातानेच टाका. एक्सेलमध्ये एकच क्रमांक दोनदा आलाय का तेही शोधा, रिकाम्यापेक्षा ते जास्त घातक. निकाल लावण्यापूर्वी दोन्ही गठ्ठ्यांतून कुठलेही दहा-दहा कागद काढून हाताने ताडून पाहा. आणि पुढच्या वेळी चार कोपऱ्यांत काळे चौकोन छापा, क्रॉपऑनमार्कर्स लावा. मग झेरॉक्स ९८ वर निघो की ९६ वर, सॉफ्टवेअर स्वतःच ताणून घेतं.

जुनापर्यवेक्षक
शेवटी वीस कागद हातानेच ना?

चटपट
अ‍ॅपमध्ये कोपऱ्यातले चौकोन आधीच असतात, एवढंच म्हणतो.

दशांश
पेपर दोनच्या उत्तरपत्रिकाही त्याच दुकानातून काढल्यात का?

खडूफळा
हो, कालच आल्या. मोजल्या, १७६ आणि थोडं वर. दुसरंच टेम्प्लेट लावतो.