मदत हवी आहे : मसाई मारा + सेरेंगेटी, तंबूत राहणं सुरक्षित आहे का? (तातडीचं)

कस्तुरी_ठाणे
नमस्कार मंडळी. आफ्रिकेत सफारीला जातोय. टूरवाल्याने दोन पर्याय दिलेत, एक लॉजचा आणि एक टेंटेड कॅम्पचा. तंबूचा पर्याय माणशी पंचवीस हजारांनी स्वस्त पडतो. घरात दोन तट पडलेत. मला एवढंच हवंय : जे स्वतः तंबूत राहून आलेत त्यांनी सांगा, सुरक्षित आहे की नाही? कुंपण नसतं म्हणे. केनियात मारा २ रात्री, मग टांझानियात सेरेंगेटी २ रात्री, गोरोंगोरो १ रात्र असा कार्यक्रम आहे. उद्या संध्याकाळपर्यंत अ‍ॅडव्हान्स भरायचाय. नेट चाळून झालंय, त्यामुळे "प्रत्येकाच्या आवडीवर आहे" अशी उत्तरं कृपया नकोत.

रानभूल
कोणता महिना? किती जण? वयं काय? कॅम्प गेटच्या आत की बाहेर? पार्क फी धरलीये की वेगळी? हे कळल्याशिवाय तंबू बरा की लॉज बरं, कोणीच सांगू शकणार नाही.

अप्पा_सातारकर
ताई, राग मानू नका, पण एवढे पैसे घालून परदेशात कशाला? ताडोबाला जा. मोहर्लीच्या बाजूला आम्हाला वाघीण आणि तिची तीन पिल्लं पाणवठ्यावर पाऊण तास दिसली. आमची जिप्सी बंद, कोणी श्वास घेत नव्हतं. त्या पाऊण तासासाठी मी पुन्हा दहा वेळा जाईन.

मंजिरी_क
अप्पा, जाणार कधी ते अजून त्यांनी सांगितलेलं नाही. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा कोअर (आतला मुख्य भाग) बंद असतो. तिकडे जायचं पक्कं झालंय, तर तिकडचंच सांगूया ना.

कस्तुरी_ठाणे
सॉरी, घाईत लिहिलं. १४ ऑगस्टला निघून २० ला परत. मुंबई–नैरोबी थेट विमानाची तिकिटं काढून झालीत. मी, नवरा, मुलगी (५ वर्षं) आणि आई-बाबा (६४ आणि ६८). कॅम्प माराच्या "जवळ" असं कोटेशनमध्ये आहे. फीबद्दल काही लिहिलेलं दिसत नाही, विचारते.
पण माझा प्रश्न तंबूचा आहे.

रानभूल
तंबूचंच सांगतो. मी माराला दोनदा जाऊन आलोय, दोन्ही वेळा तंबूत. आपण शाळेच्या कॅम्पला राहायचो तसले तंबू नसतात हे. सिमेंटच्या किंवा लाकडी ओट्यावर जाड कॅनव्हासची खोली, आत खरे पलंग, मागच्या बाजूला झिप उघडून गेलं की संडास-बाथरूम. कुंपण बहुतेक ठिकाणी नसतं. अंधार पडल्यावर तंबूतून एकट्याने बाहेर पडायचं नाही, हा नियम. जेवायला जाताना टॉर्च दाखवायचा किंवा शिट्टी वाजवायची, मग अस्करी, म्हणजे पहारेकरी, न्यायला येतो. झिप पूर्ण लावायची, खाण्याचं काहीही आत ठेवायचं नाही. बिस्किटाच्या पुड्यासाठी बबून माकडं झिप उघडतात, हे मी पाहिलंय. गाईड सांगतात की जनावरांना बंद तंबू म्हणजे एक भक्कम ठोकळा वाटतो, ती वळसा घालून जातात.
दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला जाग आली. कॅनव्हासच्या पलीकडे, हातभर अंतरावर, कोणीतरी गवत उपटतंय. उपटलं की चावायचा आवाज, मग मोठा निःश्वास. पाणघोडा होता. वीस मिनिटं चरत होता. मी हललो नाही, बायको माझं मनगट घट्ट धरून होती. सकाळी ओट्याला लागून त्याच्या पायांचे ठसे. भीती वाटली का? वाटली. धोका होता का? आत बसून राहिलो म्हणून नव्हता. पाच वर्षांची मुलगी रात्री उठून झिप उघडेल का, हे तुम्हीच ठरवायचं. काही कॅम्प सहा-सात वर्षांखालची मुलं घेतच नाहीत, तेही आधी विचारा.

भिंगरी_लेन्स
कॅमेरा कोणता नेताय? १००–४०० ची लेन्स नसेल तर भाड्याने घ्या. गाडीच्या छतावर टेकवायला बीनबॅग हवीच. रिकामी पिशवी न्या, तांदूळ नैरोबीत भरा. ट्रायपॉड गाडीत उपयोगाचा नाही.

मिहिर_ड
आणि काळे-निळे कपडे अजिबात नकोत, त्या रंगांवर त्सेत्से माश्या येतात. टांझानियातल्या तारांगिरे पार्कला माझी निळी जीन्स होती, कापडातून चावल्या. तंबूचं काही टेन्शन घेऊ नका. आम्ही मारा, सेरेंगेटी, गोरोंगोरो तिन्ही केलं. झकास होतं.

नैरोबीकर
नैरोबीत १९ वर्षं राहतोय, म्हणून लिहितो. कस्तुरीताई, तंबूआधी तुमचा कार्यक्रम तपासा, कारण तो बसत नाही. नकाशात मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटलेली दिसतात. प्राणी जातात-येतात, पर्यटकांची गाडी तिथून जात नाही. सीमेवरच्या इसेबानिया-सिरारीच्या नाक्यापर्यंत पश्चिमेला लांबचा वळसा घालावा लागतो, नाक्यावर केनियाची गाडी सोडून टांझानियाची घ्यायची, मग पुन्हा आत शिरायचं. दिवस संपतो. गोरोंगोरोहून नैरोबीला परत यायचं म्हणजे अरुशा, नामांगा करत आणखी एक पूर्ण दिवस रस्त्यावर. पाच रात्रींतले तीन दिवस आई-बाबा गाडीत बसून असतील. शिवाय टांझानियाचा ई-व्हिसा वेगळा. पूर्व आफ्रिकेचा जो संयुक्त पर्यटक व्हिसा मिळतो त्यात केनिया, युगांडा, रवांडा आहेत, टांझानिया नाही. केनियाला जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए (ऑनलाइन प्रवास-परवानगी) लागतो, तो मुलीचाही काढावा लागेल.

मिहिर_ड
आम्ही केलंय हो. सिरारीला तासाभरात सुटलो. इतकं घाबरवायची गरज नाही.

नैरोबीकर
तुमची सहल किती दिवसांची होती?

मिहिर_ड
अकरा. पण मुद्दा तो नाही. आयुष्यात एकदाच जाणार, तर गोरोंगोरोचं विवर सोडून यायचं? कड्यावरून खाली सहाशे मीटर उतरताना जो देखावा दिसतो त्याला तोड नाही.

रानभूल
मुद्दा तोच आहे, मिहिर. अकरा दिवसांत मीही हो म्हणेन. पाच रात्रींत पाच वर्षांच्या मुलीला आणि ६८ च्या बाबांना घेऊन नाही. कस्तुरी, टांझानिया पुढच्या वेळी करा. ऑगस्टमध्ये विल्डबीस्टचे (मोठ्या आफ्रिकी हरणांचे) कळप साधारण मारातच असतात. सेरेंगेटीला त्यांच्यासाठी जायचं तर जानेवारी-अखेर ते मार्च, तेव्हा दक्षिणेला न्दुतूच्या मैदानात पिल्लं होतात. माराला ३ रात्री आणि वाटेत नैवाशा तळ्याकाठी २. मारा नदी ओलांडतानाचा कळप दिसेलच असं मात्र धरून चालू नका. आम्ही काठावर चार तास बसलो, कळप पाण्यापर्यंत येऊन मागे फिरला. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात दिसला.

मंजिरी_क
नैवाशापेक्षा नाकुरू करा. लाखो फ्लेमिंगो.

नैरोबीकर
लाखो आता नाहीत. तळ्याचं पाणी वाढल्यापासून बरेचसे बोगोरिया तळ्याकडे गेले. नाकुरूला जावं ते गेंड्यांसाठी, काळे आणि पांढरे दोन्ही आहेत.

कस्तुरी_ठाणे
बापरे. टूरवाला म्हणाला होता, "बाजूलाच आहे, तीन तासांत सेरेंगेटी." आत्ता फोन केला. पार्क फी वेगळी आहे म्हणाला, "किरकोळ असते, तिथे भरा." कॅम्प तालेक गेटच्या बाहेर. किती असते फी?

नैरोबीकर
किरकोळ नाही. मारा रिझर्व्हची परदेशी प्रौढाची फी २०२४ पासून जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. तिकीट १२ तासांचं, सकाळी ६ ते संध्याकाळी ६. तुम्ही चार प्रौढ, म्हणजे दिवसाला ८०० डॉलर. तीन दिवसांचे २४००, दोन लाखांच्या घरात. तंबूमुळे वाचलेले सव्वा लाख यातच गेले. आणि गेटबाहेर राहत असाल तर ज्या दुपारी पोचाल त्या दुपारी आत जाऊ नका. चार वाजता शिरून सहाला बाहेर, पण फी पूर्ण. त्याऐवजी कॅम्पवर आराम करा, दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला गेटवर उभे राहा, जेवणाचे डबे सोबत घ्या आणि दिवसभर आतच राहा.

भिंगरी_लेन्स
मी तर म्हणेन रिझर्व्ह सोडून शेजारच्या कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे रिझर्व्हबाहेरच्या खासगी राखीव रानात राहा. नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ. एका सिंहाभोवती गाड्या मोजक्याच सोडतात, रस्ता सोडून जाता येतं, रात्रीची सफारी करता येते. फोटो तिथेच मिळतात.

रानभूल
मिळतात, पण त्यांचं बजेट पाहा. कॉन्झर्व्हन्सीतले कॅम्प बहुतेक महागडे. पंचवीस हजारांचा फरक पाहणाऱ्यांना तो सल्ला देऊन उपयोग नाही.

भिंगरी_लेन्स
एक रात्र कमी करा पण नीट ठिकाणी राहा, असं माझं ठाम मत आहे.

अप्पा_सातारकर
यलो फीवरची लस घेतलीत का? ती नसेल तर नैरोबीला उतरू देत नाहीत.

नैरोबीकर
अप्पा, अडचण परतताना येते. केनियाहून भारतात येणाऱ्याकडे दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. मुंबईहून निघतानाच एअरलाइन दाखला मागते ती म्हणूनच. पण अप्पांनी महत्त्वाचं काढलं. कस्तुरीताई, लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. १४ ला निघणार तर ४ ऑगस्टच्या आत लस हवी. सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि वेळ आधी घ्यावी लागते. साठीच्या वरच्यांना या लसीचे गंभीर त्रास व्हायची शक्यता जास्त असते, म्हणून डॉक्टरांना विचारून, चिठ्ठी घेऊनच जा. त्यांनी नको म्हटलं तर ते अ‍ॅडव्हान्स भरायच्या आधी कळायला हवं. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा.

कस्तुरी_ठाणे
लसीचं टूरवाल्याने "नंतर बघू" म्हटलं होतं. आज २४ जुलै! उद्या सकाळी आधी डॉक्टर. अप्पा, मनापासून आभार.
आणखी एक. आई विचारतेय, तंबूत रात्री लाइट असतो का? बाबांना स्लीप अ‍ॅप्निया आहे, म्हणजे झोपेत श्वास अडतो, म्हणून सीपॅप (मास्कमधून हवा देणारं) मशीन लावून झोपतात. घरी रोजचंच असल्यामुळे लिहायचं सुचलं नाही.

रानभूल
कस्तुरी, हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं! तुमच्यासाठी तंबू की लॉज याचं उत्तर इथे आहे. गेटबाहेरच्या स्वस्त कॅम्पांत जनरेटर रात्री दहा-अकराला बंद होतो आणि पहाटे पाचला सुरू होतो. फोन, कॅमेरे जेवणाच्या तंबूत चार्ज करायचे. रात्रभर मशीन चालणार नाही. टूरवाल्यावर विसंबू नका, कॅम्पला थेट मेल करा : रात्रभर तंबूच्या आत प्लगला वीज मिळेल का? सोलर-बॅटरीवाले कॅम्प देतात.

दवाखानावाली
माझ्या सासऱ्यांना सीपॅप आहे, त्यांना घेऊन आम्ही स्पितीला गेलो होतो. मशीनची स्वतंत्र बॅटरी मिळते. ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) बंद ठेवला तर ती बरीच जास्त चालते. निघायच्या आधी घरी मेन स्विच बंद करून एक रात्र काढून पाहा, किती तास टिकते ते नक्की कळेल. विमानात बॅटरी हातातल्या सामानातच. १०० वॉट-अवरपर्यंत चालते, १०० ते १६० असेल तर एअरलाइनची आधी परवानगी. डॉक्टरांचं पत्रही जवळ ठेवा. केनियाचा प्लग चौकोनी तीन पिनांचा असतो, आपला बसत नाही. दोन अडॅप्टर घ्या, एक हरवतोच.

मंजिरी_क
शाकाहारी जेवणाचं कसं असतं तिथे? आम्हीही विचार करतोय.

नैरोबीकर
काही अडचण नाही. गुजराती मंडळी पिढ्यान्पिढ्या इथे आहेत, बहुतेक कॅम्पांच्या स्वयंपाक्यांना जैन जेवणही माहीत असतं. चपाती तर इथलीच झालीये, मैद्याची, पदर सुटलेली. स्वाहिलीत शब्दही चपातीच. चहाला चाय, गाडीला गारी, दुकानाला दुका, विम्याला बिमा. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा भाजीवालीशी या पाच शब्दांवर अर्धा तास बोलत होती.

अप्पा_सातारकर
बिमा? वा. हे माहीत नव्हतं.

कस्तुरी_ठाणे
दोन दिवसांनी अपडेट. टांझानिया रद्द. नैवाशा २, मारा ३. अ‍ॅडव्हान्स त्या टूरवाल्याला भरला नाही. दुसरा कॅम्प माराच्या सेकेनानी गेटच्या बाजूला मिळाला, पार्क फी धरून कोटेशन आहे. मेलला मॅनेजरचं स्वतःचं उत्तर आलं : सोलरची बॅटरी आहे, दोन तंबूंना रात्रभर वीज देता येते, त्यातला एक बाबांना देतील, आमचा शेजारचा. मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये झोपेल, झिप नवऱ्याच्या बाजूला. आई-बाबांच्या डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली, सगळ्यांची लस ३० ला आहे. काल रात्री मेन स्विच बंद करून बाबांची बॅटरी लावली, सहा तास चाळीस मिनिटं चालली.
भिंगरी, ३०० पर्यंतची लेन्स भावाकडून मिळतेय, बीनबॅग शिवायला टाकली.

नैरोबीकर
छान. रात्री थंडी असते, मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे, आई-बाबांना स्वेटर, कानटोपी द्या. जेवायला गेलात की अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवून जातात, आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर अंधारात पाय लागून दचकतील. आणि प्लास्टिकच्या कॅरीबॅग घरीच काढा, २०१७ पासून इथे बंदी आहे, दंड मोठा आहे.

कस्तुरी_ठाणे
आईने थालीपिठांच्या डब्यासाठी कापडी पिशवी शिवली. डबा तंबूत ठेवायचा नाही, जेवणाच्या तंबूत मॅनेजरकडे द्यायचा, हे बाबांनी कागदावर लिहून डब्याच्या झाकणावर चिकटवलंय.