पहिलं बाळ: स्ट्रोलर + कार सीटचा कॉम्बो घ्यावा की सगळं सुटं घ्यावं?

चाफेकळी
नमस्कार मंडळी. सातवा महिना लागलाय, पहिलंच बाळ. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो, तिसरा मजला, लिफ्ट आहे पण अगदी छोटी. बाळंतपण माहेरी साताऱ्याला. तीनेक महिने तिथे राहून मग पुण्यात येणार, आणि त्यानंतरही पुणे-सातारा चालूच राहणार. गाडी २०१४ची हॅचबॅक.

परवा एका दुकानात कॉम्बो पाहिला. स्ट्रोलर (बाबागाडी), त्यावरच अडकवता येणारी कार सीट, कॅरीकॉट (बाळाला सपाट झोपवायची उचलती खाट), डायपर बॅग, शिवाय दुधाच्या बाटल्यांचा सेट आणि मच्छरदाणीची गादी (मोहरीच्या उशीसकट) फुकट. सगळं मिळून ३४ हजार. सुटं घेतलं तर ४५च्या पुढे जाईल, असं दुकानदाराचं म्हणणं. आमचं बजेट २० हजार, अगदी ताणलं तर २२.

कॉम्बो घेण्यात अर्थ आहे का? कार सीट खरंच लागते का? सासूबाईंचं म्हणणं आहे की बाळ घरात येईपर्यंत काहीच आणायचं नाही. कृपया बजेट लक्षात घेऊन सांगा.

खंबाटकी_घाट
स्ट्रोलर अजिबात घेऊ नका. पुण्यातले फुटपाथ माहीत आहेत ना? दर दहा पावलांवर पायरी, मध्येच डीपी, मध्येच लावलेल्या दुचाक्या. आमचा स्ट्रोलर सोसायटीच्या आवाराबाहेर कधी गेलाच नाही. पोरगी बाबाच्या खांद्यावर मोठी झाली. कापडी कॅरियर घ्या, दीड-दोन हजारांत काम होतं.

जर्सीकर
अभिनंदन! आमच्याकडे न्यू जर्सीत कार सीट गाडीत बसवलेली दाखवल्याशिवाय हॉस्पिटलमधून बाळ घरी सोडलंच नाही. आम्ही ट्रॅव्हल सिस्टिमच (म्हणजे असाच स्ट्रोलर + कार सीटचा कॉम्बो) घेतली, साधारण १,२०० डॉलर पडले, पण एकेक डॉलर वसूल. झोपलेलं बाळ न उठवता गाडीतून थेट स्ट्रोलरवर. एका हाताने घडी होते. पैसे वाचवायला इतर जागा आहेत, इथे बघू नका. तुमचं कुणी नातेवाईक इकडून येणार असेल तर इथूनच मागवा.

चाफेकळी
@जर्सीकर, धन्यवाद, पण १,२०० डॉलर म्हणजे आमच्या बजेटच्या कितीतरी पट झाले :)

दोन_पिल्लांची_आई
अमेरिकेतून सीट मागवू नकोस गं. तिकडच्या सीटा त्यांच्या एफएमव्हीएसएस २१३ या मानकाच्या. आपल्याकडे एआयएस ०७२ किंवा युरोपचं आर४४ / आर१२९ लिहिलेली सीट बघायची. तिकडून आणलेलीचा एखादा पट्टा तुटला तर इथे सुटा भाग कोण देणार?

आता तुझ्या प्रश्नाचं. कार सीट लागतेच. मांडीवर घेतलेलं बाळ जोरात ब्रेक लागला तर कुणालाच धरून ठेवता येत नाही, आई कितीही घट्ट धरून बसलेली असो. सातारा रस्त्यावर ट्रक काय वेगाने जातात ते तूच बघतेस. त्यामुळे २० हजारांतले पहिले पैसे सीटचे, उरले तर बाकीचं.

२०१४ची हॅचबॅक म्हणतेस तर आधी मागच्या सीटवर पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत हात घालून बघ. लोखंडी कड्या लागल्या तर आयसोफिक्स आहे, म्हणजे बेल्टशिवाय सीट थेट त्या कड्यांत अडकवायची सोय. नसेल तरी हरकत नाही, बेल्टवर बसणारी सीट घ्यायची. पण मागे तोंड करून बसवायच्या सीटला बेल्ट सगळा वळसा घालून जावा लागतो आणि जुन्या छोट्या गाड्यांत तो कधीकधी पुरतच नाही. मधल्या जागेवर नुसता कमरेचा पट्टा असेल तर तिथे बहुतेक सीटा चालत नाहीत. म्हणून दुकानदाराला सांग, सीट खाली गाडीपाशी आण, बसवून बघू, मग पैसे. नाही म्हणाला तर दुकान बदल.

मिळेल_तिथे_सवलत
आम्ही असाच कॉम्बो ऑनलाइन सेलमध्ये १७ हजारात घेतला, शिवाय बँकेच्या कार्डावर आणखी सूट. दुकानात जाऊन घेण्याचे दिवस गेले. थोडी वाट बघा, दिवाळीत किमती पडतील.

दोन_पिल्लांची_आई
@मिळेल_तिथे_सवलत, तिला सातवा महिना आहे, दिवाळीची वाट कशी बघेल? आणि ऑनलाइन घेतलेली सीट गाडीत बसली नाही तर परत पाठवायचा व्याप बाळंतिणीने करायचा का?

कोयनाकाठची_आजी
पोरी, सुखरूप मोकळी हो, आधी तेच महत्त्वाचं. तुझ्या सासूबाई चुकीचं काही सांगत नाहीत. आमच्यात पाळणासुद्धा आधी आणून ठेवत नसत, बाराव्या दिवसापर्यंत आणायचा. आणि कपडे, दुपटी, गोधडी यावर एक पैसा घालवू नकोस. बारशाला मावश्या, आत्या, माम्या बाळंतविडा आणतात. झबली, टोपडी, कुंच्या, लंगोट इतके जमतात की निम्मे घडीसुद्धा न मोडता लहान होतात. आम्ही जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी करायचो. नवीन कापड आधी दोनदा धुवून घे, नाहीतर बाळाच्या अंगाला टोचतं.

कायद्यानं_वागा
दोन मुद्दे.

१. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १९४ब आलं. १४ वर्षांखालचं मूल सीट बेल्ट किंवा बाल-सुरक्षा सीटशिवाय गाडीत असेल तर चालकाला एक हजार रुपये दंड.

२. 'बाटल्या फुकट' हा प्रकारच बेकायदेशीर आहे. १९९२चा शिशुदुग्ध पर्याय आणि दुधाच्या बाटल्यांसंबंधीचा कायदा (२००३मध्ये आणखी कडक झाला) बाटल्यांची जाहिरात करायला, नमुने वाटायला, खप वाढवण्यासाठी आमिष म्हणून द्यायला मनाई करतो. स्तनपान मागे पडू नये म्हणून तो केलेला आहे. दुकानदाराला हे सांगा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला लावा.

खंबाटकी_घाट
कार सीट नाही म्हणून दंड झालेला माणूस मी तरी पाहिला नाही. आम्ही सगळे आईच्या मांडीवर बसून एसटीने वाढलो.

दोन_पिल्लांची_आई
दंडासाठी कोण सीट घेतंय, दादा? अपघात झाला तर बाळ वाचावं म्हणून घ्यायची. आणि एसटी वेगळी, चार जणांची छोटी गाडी वेगळी.

पांगुळगाडा
कॉम्बोत वॉकर मिळतोय का बघा, सहाव्या महिन्यापासून फार उपयोगी. आमच्या भाच्याने वॉकरमुळे लवकर पाऊल टाकलं.

स्टेथो
मी बालरोगात काम करते म्हणून लिहिते. चाकांचा गोल वॉकर, ज्यात बाळाला मध्ये बसवतात, तो घेऊ नका, कुणी दिला तरी वापरू नका. जिन्यावरून पडणं, गरम भांड्यापर्यंत हात पोचणं असे अपघात होतात. कॅनडाने २००४मध्ये त्यावर बंदीच घातली. चालायला तो लवकर शिकवतही नाही. बाळ जमिनीवर पालथं, रांगतं राहिलं पाहिजे.

गादीच्या सेटचंही सांगते. पहिल्या वर्षात बाळाला उशी नको. मोहरीची नको, कापसाचीही नको. डोक्याला आकार येतो म्हणून ती देतात, पण खरं म्हणजे सपाट, कडक गादीवर, उताणं, शेजारी उशी-लोड-खेळणी काही नाही, अशीच झोप सगळ्यात सुरक्षित.

आणि महत्त्वाचं: कार सीट ही झोपवायची जागा नाही. प्रवासात डोळा लागला तर ठीक, पण लहान बाळाची मान पुढे झुकली की श्वासाची वाट दबते. घरी पोचल्यावर झोपलेलं बाळ सीटमध्येच तसंच ठेवायचं नाही. काढून सपाट जागी ठेवायचं, उठलं तरी चालेल. जर्सीकरांनी जो मोठा फायदा सांगितला त्याला ही मर्यादा आहे. पुणे-सातारा करताना शिरवळच्या आसपास थांबून बाळाला बाहेर काढा, दूध पाजा, मग पुढे घाट चढा. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत शक्यतो लांबचा प्रवास नकोच.

पांगुळगाडा
मी लाकडी पांगुळगाड्याबद्दल बोलत होतो. तीन चाकांचा, मूल मागे उभं राहून ढकलतं तो. तो कसा वाईट?

स्टेथो
तो वेगळा. मूल आपणहून उभं राहायला लागलं की मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली चालेल. पण तुम्ही आधी सहावा महिना लिहिलंत आणि त्या वयात मूल नीट बसायलाच शिकत असतं.

मिळेल_तिथे_सवलत
आमच्या मुलाला मोहरीची उशी होती. डोकं अगदी गोल आहे, काही झालं नाही.

कोयनाकाठची_आजी
आमच्याही सगळ्यांना होती. पण डॉक्टरीणबाई सांगतायत तर ऐकावं. माझी सूनही उशी देत नाही, माझी नात छान आहे.

बिनलिफ्टचा_चौथा_मजला
वरचं सगळं वाचलं. माझंही मत तेच, कार सीट घ्या, बाकी नको. पण एक कुणी बोललं नाही. कॉम्बोतली सीट नुसती नवजातांची असते, साधारण १३ किलोपर्यंत. त्याआधीच बाळाचं डोकं वरच्या कडेला टेकलं की संपली. सव्वा-दीड वर्षाने पुन्हा दुसरी सीट घ्यायची. म्हणून आम्ही मोठी घेतली, जन्मापासून १८ किलोपर्यंतची. लहान असताना मागे तोंड, नंतर पुढे तोंड. १४ हजारांत एकदाच. ती उचलून नेता येत नाही, गाडीतच राहते, आणि पुढच्या सीटवरच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात, एवढं सोसा.

जुनी सीट फुकट मिळाली तरी ओळखीची असल्याशिवाय घेऊ नका. अपघातातून गेलेली असेल तर वरून दिसत नाही. खालच्या प्लॅस्टिकवर मुदत छापलेली असते, तीही बघा. स्ट्रोलर मात्र जुना बिनधास्त घ्या, ब्रेक आणि पट्टे तपासून.

जर्सीकर
आर१२९ बघा (आय-साइज हा त्यातलाच प्रकार), त्यात सीट बाळाच्या उंचीवरून ठरते आणि १५ महिन्यांपर्यंत मागेच तोंड ठेवावं लागतं. युरोपात आर४४च्या सीटांची विक्री २०२४च्या सप्टेंबरपासून बंद झाली. आमची तर त्याहून वरची आहे, तिसऱ्या वर्षीही लेक मागेच तोंड करून बसते.

दोन_पिल्लांची_आई
आणखी एक. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून पट्टे लावता येत नाहीत. पायांच्या मधून पट्टा गेला पाहिजे. कुंचीही काढायची, पाठीमागे तिचा गोळा होतो. साधं झबलं घालून पट्टे आवळायचे, खांद्यावरच्या पट्ट्याची चिमटीत घडी येता कामा नये, मग वरून दुपटं. डिस्चार्जच्या दिवशी सगळ्या आज्या बाळाला गुंडाळायला टपलेल्या असतात, आधीच सांगून ठेव. आणि पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर मागे तोंड केलेली सीट तिथे कधीही लावायची नाही.

खंबाटकी_घाट
म्हणजे शेवटी स्ट्रोलर नकोच, हे सगळ्यांनी मान्य केलं.

चाफेकळी
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः स्टेथो, दोन_पिल्लांची_आई आणि आजी. निर्णय झाला.

गाडीत कड्या नाहीत. दुकानदार सीट घेऊन खाली आला. डावीकडच्या मागच्या जागेवर बेल्ट जेमतेम पण पुरला, सीट हलवून बघितली, घट्ट बसली. मागे नारंगी लेबल आहे, वर्तुळात ई, आर१२९ लिहिलेलं.

आणि आम्ही कॉम्बोच घेतोय. तुम्ही बहुतेकांनी नको म्हटलंत, ते वाचून दोन दिवस विचार केला. माझ्या आईच्या दोन्ही मनगटांना संधिवात आहे. सकाळी मी अंघोळीला, शेकायला गेले की बाळ तिच्यापाशीच असणार आणि तिला ते उचलून घेऊन फिरता येणार नाही. माहेरचं घर एकमजली, फरशी सपाट, मागे मोठं अंगण. कॅरीकॉट स्ट्रोलरवर लावला की ती बाळाला स्वयंपाकघरापासून अंगणापर्यंत नेऊ शकेल, आणि त्यात बाळ सपाट झोपतं. रस्त्यावर फिरवायला मी स्ट्रोलर घेतच नाहीये. मोठी सीट दीड वर्षाने घेऊ.

बाटल्या, उशी-गादी, डायपर बॅग काढून टाकायला लावली. कायद्याचं नाव काढल्यावर बाटल्यांचा विषय दुकानदाराने स्वतःच मिटवला. २८ हजारांवर आला. वरच्या सहा हजारांचं आजींच्या लिहिण्यावरून सुचलं. आईने मावश्यांना आणि आत्यांना फोन केले, बाळंतविड्याचे कपडे आणू नका, ते पैसे यात घाला. सगळ्या लगेच तयार झाल्या. एक मावशी झबली आणणारच म्हणते, तिला आणू देत.

सासूबाईंशीही बोलले. फक्त सीट आधी येईल, कारण ती डिस्चार्जच्या दिवशी हवी. बाकी सामान दुकानातच राहील, बारशाच्या आदल्या दिवशी साताऱ्याला पोचेल. त्यांना हे पटलं.

बिनलिफ्टचा_चौथा_मजला
मोठी सीट घेतली असती तर दीड वर्षाने पुन्हा खर्च पडला नसता. पण आईंचं कारण बरोबर आहे. शुभेच्छा.

कोयनाकाठची_आजी
शहाणी आहेस. त्या अंगणात सकाळचं कोवळं ऊन येत असेल तर थोडा वेळ बाळाला ने.

स्टेथो
कॅरीकॉटमध्ये झोपवताना त्याच्यासोबत आलेलीच गादी वापरा, वरून गोधडी घालून जाड करू नका. बाळ कुशीवर वळायला लागलं की कॅरीकॉट बंद. आणि अंगणात चाकांचा ब्रेक लावायची आईंना सवय लावा.

मिळेल_तिथे_सवलत
२८ हजार? आमचा १७ला आला होता.

पांगुळगाडा
लाकडी पांगुळगाडा पुण्यात कुठे मिळेल? तुळशीबागेत बघितला, सगळीकडे प्लॅस्टिकचेच.

कोयनाकाठची_आजी
सावंतवाडीला लाकडी खेळणी करतात, तिकडे कुणी जाणार असेल तर सांगून ठेवा. चाकं नीट घासलेली बघून घ्या, कुसळ नको.

नवीन_बाबा
चाफेकळी, दुकानाचं नाव सांगाल का? आमचाही आठवा महिना आहे, आणि गाडीत सीट बसवून दाखवायला कुणी तयार होत नाहीये.

चाफेकळी
@नवीन_बाबा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. जाताना गाडी घेऊनच जा.