वैद्यकीयला रोज चौदा तास अभ्यास खरोखर लागतो का?

पालक, खानापूर : माझी मुलगी मराठी माध्यमातून शिकून यंदा एम.बी.बी.एस.ला बेळगावात प्रवेश घेत आहे. भेटेल तो तिला चौदा तासांच्या अभ्यासाची भीती घालतो. तासिका, शवविच्छेदन आणि प्रात्यक्षिके यांतच दिवस संपत असेल, तर चौदा तास आणायचे कुठून? लेखी आणि प्रात्यक्षिकात ५० टक्क्यांना उत्तीर्ण करणाऱ्या परीक्षेसाठी रोजचे नेमाने केलेले तीन तास पुरेत, असे माझे ठाम मत आहे.

विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, बेळगाव : काका, एरवी तीन तास पुरतात, पण पहिल्या वर्षी नाहीत. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तिन्ही विषय जेमतेम वर्षभरात संपवावे लागतात. एकट्या ब्रॅकियल प्लेक्ससचे, म्हणजे हाताला जाणाऱ्या नसांच्या जाळ्याचे पाहा: मानेतून निघणाऱ्या पाच मुळांपासून हाताच्या नसांपर्यंतची आकृती न पाहता काढता येईपर्यंत पुन्हा पुन्हा गिरवावी लागते, कारण तोंडी परीक्षेत मनगट लुळे का पडले एवढेच विचारतात आणि त्यावरून इजा झालेली नस आपण ओळखायची असते. त्यात मराठी माध्यमातून आलेल्यांना सुरुवातीला इंग्रजी पुस्तकाच्या एका पानाला दुप्पट वेळ लागतो, हे कुणी मोकळेपणाने सांगत नाही. परीक्षेच्या तोंडावर दहा-बारा तास बसावेच लागते.

डॉक्टर, निपाणी : तास मोजण्यालाच माझा विरोध आहे. आमच्या शेतीच्या भागात कीटकनाशक पोटात गेलेला रुग्ण येतो, तेव्हा टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या आणि तोंडातून गळणारी लाळ ज्याने वॉर्डात एकदा नीट पाहिली, तो ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध का द्यायचे हे जन्मभर विसरत नाही. दिवसा पाहिलेल्या रुग्णाविषयी त्याच संध्याकाळी तासभर वाचणे हाच खरा अभ्यास आहे, आणि तो कन्नड व मराठी दोन्ही भाषांत रुग्णाशी बोलणाऱ्याला अधिक फळतो.

विद्यार्थिनी : सर, नियमित वॉर्ड दुसऱ्या वर्षी सुरू होतात. शिवाय अशा विषबाधेत शरीरात साठणाऱ्या ॲसिटिलकोलीन या नसांचे संदेश पोहोचवणाऱ्या रसायनाचे कार्य पहिल्या वर्षी बसून पाठ केलेले नसेल, तर त्या बाहुल्या दिसूनही त्यांचा अर्थ लागणार नाही.

पालक : इंग्रजी वाचनाचा मुद्दा मला पटला, त्यासाठी पहिले काही महिने वेगळा वेळ ठेवायला तिला सांगेन. मात्र मध्यरात्रीनंतरचे जागरण मी मान्य करणार नाही, कारण सकाळी शवविच्छेदनाच्या टेबलाशी पेंगणाऱ्या मुलीला तेच पुन्हा रात्री पुस्तकातून शिकावे लागेल.