मेल किती जातात त्याआधी पोर्ट २५ बघा

ऑफिसचे मेल स्वतःच्या सर्व्हरवरून थेट पाठवायचे की पैसे भरून रिले (आपले मेल पुढे पोचवणारी बाहेरची सेवा) घ्यायचा, या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, "दिवसाला पन्नासच मेल जातात, मग रिलेचे पैसे कशाला". हा मुद्दा पटत नाही. किती जातात यापेक्षा कुठल्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) निघतात, यावर सगळं ठरतं. महापे किंवा वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक भागातल्या गाळ्यात साधं ब्रॉडबँड असेल तर आयपी बहुधा बदलता असतो, त्याची रिव्हर्स डीएनएस नोंद (आयपीवरून नाव सांगणारी, म्हणजेच पीटीआर) आपल्या डोमेनची नसते आणि बाहेर जाणारं पोर्ट २५ (एका मेल सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल जायची वाट) बऱ्याचदा बंदच असतं. मग लॉगमध्ये ओळीमागून ओळ 'कनेक्शन टाइम्ड आउट' आणि रांग वाढत जाते. त्याच जागेवरून जीमेलच्या एमएक्सला (मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरला) पोर्ट २५ वर टेलनेट करा, म्हणजे त्या कमांडने जोडणी होते का बघा. २२० ने सुरू होणारी ओळ आली नाही तर रिले घ्याच, तो पोर्ट ५८७ वरून चालतो. स्थिर आयपी आणि आपल्या नावाची पीटीआर नोंद मिळत असेल, तर पन्नास मेलसाठी स्वतःचं पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) खुशाल चालवा.

अटॅचमेंटचं मात्र इथे कुणीच काढलं नाही. बेस६४ मुळे (अटॅचमेंट अक्षरांत बदलून पाठवायची पद्धत) फाइल एक तृतीयांशाहून थोडी जास्तच फुगते. ८ एमबीचं ड्रॉइंग जाताना ११ एमबीच्या घरात पोचतं, आणि रिलेची मर्यादा १० एमबी असेल तर मेल परत. शिवाय बऱ्याच रिलेंकडे किती मेल गेले याची मोजणी पत्त्यांची होते, सीसीत चार जण म्हणजे पाच मेल धरा. आणि कृपया एसपीएफची (आपल्या डोमेनचे मेल कुठले सर्व्हर पाठवू शकतात हे सांगणारी डीएनएस नोंद) दुसरी नोंद टाकू नका, आहे त्यातच रिलेचा इन्क्लूड (रिलेच्या सर्व्हरना परवानगी देणारा भाग) घाला. दोन झाल्या की तपासणी 'पर्मएरर' (नोंदच चुकीची असल्याची त्रुटी) देते.